घरच्या भाजणीचा अचूक अंदाज

आमचा भाजणीचा धंदा बुडाला, पण माझा अंदाज चुकला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणी ऐकत नाही.

ठाण्याच्या एका कंपनीत मी उभी हयात खर्चाचे अंदाज काढले. मग मुदतीआधी निवृत्ती मिळाली (मिळाली म्हणजे हातात ठेवली!) आणि मी डोंबिवलीच्या घरात सोफ्यावर येऊन स्थिरावलो. नेमकी तेव्हाच बायकोची, मंदाची, भिशी लागली.

"मी थालिपिठाची भाजणी विकणार आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्यांना फुकट घातली. आता एकदा माझ्या नावाचं पाकीट दुकानात दिसू दे."

पैसे तिचे, हात तिचे, भाजणी तिच्या आईची. धंद्यात कमी होतं ते फक्त डोकं. ते मी उदार मनाने देऊ केलं!

"जागा?" मी पेन उघडलं. "स्वयंपाकघर. घरचंच! भाडं शून्य. गॅस घरचाच, शून्य. पोचवायला स्कूटर, घरचीच."

"आणि भाजणार कोण?"

"तू."

"माझे किती धरलेत?"

"तुझे कसले धरायचे? तू घरचीच ना!"

मंदा गप्प झाली. (ती गप्प झाली की तिला पटलं, असं मी लग्नापासून समजत आलोय.)

सगळीकडे शून्य पडल्यामुळे अख्खी भिशी उरली! ती मी पाकिटांत घातली. चकचकीत, सोनेरी, वर चुलीचं चित्र. छापखानेवाला म्हणाला, "काका, थोडी नाही छापत आपण, हजारांत घ्यावी लागतील." घेतली. नाव दिलं, 'घरचीच भाजणी'.

"आणि माझं नाव?" मंदाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"अगं, घरची म्हणजे तूच की!"

मग कढई चढली. तांदूळ, बाजरी, ज्वारी, डाळी, धणे, सगळं वेगवेगळं भाजायचं. हरभऱ्याची डाळ अर्धी भाजून झाली आणि घरचा गॅस संपला. गिरणीवाला तर माझ्यावरच उखडला. "साहेब, मागनं ज्याचा गहू येतो ना, त्याच्या चपातीला धण्याचा वास मारतो! रोज आणणार असाल तर गिरणीच विकत घ्या." आणि माझ्या अंदाजात दळणापुढे लिहिलं होतं, 'ओळखीचा आहे'. मंदाच्या मनगटाला पट्टा आला. तोही घरात होताच म्हणा, माझ्या जुन्या दुखण्याचा!

विक्रीचंही मी ठरवलेलं. सोसायटीत प्रत्येक घरी नमुना. तो मी स्टीलच्या डब्यांतून पाठवला आणि तिथे घात झाला. आपल्यात डबा रिकामा परत करतात का? कुणाकडून चिवडा आला, कुणाकडून लाडू. म्हणजे हिशेब मिटला! शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींना मी पाकिटाची किंमत सांगितली.

"अय्या, भावजी! तुमच्याकडनं विकत घ्यायची?" त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "घरचीच ना!"

आणि एखादा सज्जन खरोखरच पाकिटाला हात घालायचा, तेव्हा माझाच हात आपोआप वर व्हायचा. "असू द्या हो, पैसे कुठे पळून जातायत!"

गेले. सगळे पळून गेले.

अशात कोपरीहून माझी धाकटी बहीण शैला आली. तिचा लोणच्यांचा छोटा कारखाना आहे. तिने थालीपीठ खाल्लं, मंदाचा पट्टा पाहिला, माझा अंदाज वाचला.

"दादा, वहिनीचा पगार कुठे लिहिलायस?"

"अगं, ती घरचीच..."

"माझ्या घरची नाही ना! वहिनी, सोमवारपासून कोपरीला ये. भाजायला दोघी जणी देते, तू नुसतं सांगायचं." आणि तिने पगाराचा आकडा सांगितला. मी उभा होतो, तो बसलो.

"मंदा, अगं आपला धंदा..."

"आपला?" मंदाने फक्त एवढंच विचारलं. सोमवारी ती गेली.

आता दुकानात 'मंदाताईंची भाजणी' मिळते. साधं पाकीट, पण नाव हे एवढं मोठं! मला हवी असली तर छापील किमतीला घ्यावी लागते. मालकीणबाईंचा नियम आहे, म्हणे. आमच्या सोनेरी पाकिटांत मी सुका कचरा भरून देतो. कचरेवाल्याला ती फार आवडतात.

घर सध्या मी सांभाळतो. कुकर, दळण, गॅसचा नंबर, सगळं. परवा मंदा दमून आली, तिच्यापुढे चहा ठेवला आणि सहज विचारलं, "माझे काही धरलेस का?"

तिने बशीत चहा ओतला. "तुमचे कसले धरायचे?"

म्हणून म्हणतो, अंदाज चुकला नव्हता. घरातल्या एका माणसाची किंमत मी शून्य धरली होती आणि ती तंतोतंत बरोबर निघाली. फक्त माणूस दुसरा निघाला!