दुसऱ्या सभेतलं गाऱ्हाणं

ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी पंचायत समितीची सदस्य होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याची. कुठल्या ते विचारू नका. त्या मंडळींतले बरेच आता वर गेले आणि उरलेल्यांच्या सुना बाजारात भेटल्या की माझ्याशी गोड बोलतात. ते मला बिघडवायचं नाही. मी काही निवडून-बिवडून आले नव्हते. एक बाईमाणूस हवं म्हणून घेतलेली स्वीकृत सदस्य. खुर्चीवर बसावं, चहा प्यावा, सांगतील तेव्हा हात वर करावा, एवढीच सगळ्यांची माझ्याकडून अपेक्षा होती. माझ्या तोंडाला लागायचं नाही हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण कचेरीत ते कळायला जरा वेळ लागला.

मी तिथे गेले ती एकाच कामासाठी. आमची वाडी आणि शाळा यांच्या मधून एक पऱ्या, म्हणजे ओढा, जातो. उन्हाळ्यात त्यात पाय भिजण्यापुरतंही पाणी नसतं, आणि आषाढात असा फुगतो की पलीकडचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. त्यावर दरवर्षी वाडीतले पुरुष पोफळीची खोडं बांधून ये-जा करायला साकव घालायचे आणि दरवर्षी पऱ्या तो घेऊन जायचा. आदल्या पावसाळ्यात माझी मुलगी त्या खोडांवरून घसरली. दुसरीत होती. मागून येणाऱ्या शेजारणीने वेणी धरून ओढली म्हणून हाती लागली, नाहीतर मी हे लिहायला बसले नसते. त्यानंतर त्या पोरीने पाण्याची अशी धास्ती घेतली की पावसाळाभर घरातच. दिवाळीनंतर पऱ्या आटला तरी डोळे गच्च मिटून, माझं बोट धरून ती तो ओलांडायची. मला पक्का साकव हवा होता. सिमेंटचा, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. बाकीचं राजकारण गेलं चुलीत.

आता कचेरीची रीत सांगते. महिन्याला एक सभा असायची, पण खरं तर त्या दोन असायच्या. पहिली सभागृहात. तिथे सगळे सन्माननीय. सन्माननीय सदस्यांनी सन्माननीय सभापतींच्या परवानगीने दोन शब्द बोलायचे आणि बीडीओसाहेबांनी ते लिहून घेतल्यासारखं करायचं. मग जेवण. जेवणानंतर दुसरी सभा, ती सभापतींच्या दालनात, दार लोटून. तिथे कुणी सन्माननीय नसायचं. कुठल्यातरी ठेकेदाराने पाठवलेल्या बाटल्या, स्टीलचे पेले, सोडा, खानावळीतून आणलेले तळलेले बोंबील. पेले स्टीलचे का, तर बाहेरून कुणी डोकावलं तर पाणी वाटावं म्हणून. अरे बाबांनो, वास काय स्टीलचा असतो? व्हरांड्यात बसलेल्या माणसाला आत कुठली बाटली उघडली ते नाकाने कळायचं. बाहेर पडताना प्रत्येक जण बडीशेप चघळत यायचा आणि माझ्याशी तोंड फिरवून बोलायचा.

दारूचा मला तिटकारा नव्हता. आमच्या वडिलांना देवकार्यात आणि शिमग्यात घोटभर लागायची, आणि घेतली की ते फार छान बोलायचे. माझा राग वेगळाच होता. विहीर कुठे, रस्ता कुठे, साकव कुठे, हे सगळं त्या दुसऱ्या सभेत ठरायचं. पहिल्या सभेत माझ्या साकवाला सगळे मान डोलवायचे. दुसरी सभा उठली की साकव सभापतींच्या मेव्हण्याच्या गावाला गेलेला असायचा. आणि बाईमाणसाने त्या दालनात पाऊल टाकायचं म्हणजे तालुकाभर शोभा.

म्हणून एकदा मी आमच्या ह्यांना पाठवलं. हे सोसायटीत कारकून. सुपारीच्या खांडाशिवाय दुसरं व्यसन नाही. म्हटलं, माझ्या वतीने बसा, पेला नुसता हातात धरा, आणि तोंडात एकच शब्द ठेवा, साकव. संध्याकाळच्या एसटीने हे घरी आले ते पायरीवर बसून हसतच राहिले. मी विचारलं, साकवाचं काय झालं? तर म्हणे, अगं, माणसं फार चांगली आहेत. उगीच तू त्यांना नावं ठेवतेस. हळूहळू कळलं ते असं, की दुसऱ्या पेल्यानंतर ह्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, आमची काही घाई नाही, आमचं पोफळीच्या खोडांवर भागतं. त्या रात्री ह्यांना मी जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याला हे ओरडण्यापेक्षा जास्त भितात.

पण ह्यांच्या त्या वारीतून एक गोष्ट हाती लागली. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर हे सांगू लागले, की तिथे पहिला घोट घेण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. कचेरी बांधली तीच मुळी राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, जागेवर, असं सगळे मानायचे. मागे ऐनाचं जुनं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी चौथऱ्यावर त्याचा दगड. तर दालनात पेले भरले की सगळ्यात वयस्क सदस्य, एक म्हातारबुवा, उभे राहायचे, पेल्यात दोन बोटं बुडवून थेंब जमिनीवर सोडायचे आणि राखणदाराला हाक घालायचे. प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. ते झाल्याशिवाय पेला ओठाला लावायचा नाही. आदले बीडीओ घाटावरचे. ते म्हणे एकदा हसले आणि गाऱ्हाण्याआधीच घोट घेऊन मोकळे झाले. त्याच आठवड्यात त्यांची जीप घसरून शेतात गेली. माणूस सुखरूप राहिला, पण तेव्हापासून कुणाची टाप नाही.

हे ऐकताना तेव्हा मला काही सुचलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

मग मार्च आला. मार्चअखेर म्हणजे उरलेला पैसा कुठेतरी लावायचाच, नाहीतर तो परत जातो. त्या सभेत साकव मिळाला नाही तर आणखी एक पावसाळा पोर घरात, आणि मग ती शाळेत परत जाईल याची मला खात्री नव्हती. वाडीतल्या दोन मुलींची शाळा अशीच सुटली होती. पहिल्या सभेत मी तावातावाने बोलले. सभापती हसून म्हणाले, वहिनींचं काम झालंच समजा. या ‘झालंच समजा’चा अर्थ मला एव्हाना पाठ झाला होता. जेवण झालं, मंडळी दालनात गेली, दार लोटलं, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर एसटीची वाट बघत बसले. इतकी चिडले होते की हातातल्या पिशवीचा बंद पीळ देऊन देऊन तुटला.

थोड्या वेळाने शिपाई बाहेर आला. इकडे बघतो, तिकडे बघतो. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, आत सगळं अडून राहिलंय. म्हातारबुवांचा घसा बसला होता. सकाळपासूनच ते खुणांनी बोलत होते, माझ्याही लक्षात आलं होतं. पेले भरून तयार, बोंबील गार होत चाललेले, आणि गाऱ्हाणं घालायला माणूस नाही. बाकीच्यांना ‘व्हय महाराजा’ म्हणायची सवय. पुढचं कुणाला येत होतं? एकाने सुरुवात केली आणि मधेच अडखळला, तर म्हातारबुवांनी हातानेच त्याला गप्प केलं. अर्धवट गाऱ्हाणं नसलेल्यापेक्षा वाईट. शिपायाला हुकूम होता, कचेरीत कुणी गावचा मानकरी आला असेल तर शोधून आण.

आमचे वडील गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं तेच घालायचे. लहानपणापासून ऐकून ऐकून मला ते पाठ, पण बाईने घालायची रीत नाही, म्हणून कधी तोंड उघडलं नव्हतं. मी शिपायाला म्हटलं, मला येतं, जाऊन सांग. तो माझ्याकडे बघतच राहिला. आत गेला. बराच वेळ कुजबुज ऐकू आली. मग दार उघडलं आणि म्हातारबुवा स्वतः दारात उभे. त्यांना माझे वडील ठाऊक होते. त्यांनी मान हलवून मला आत बोलावलं.

अशी मी त्या दालनात गेले. एकेकाची तोंडं बघण्यासारखी होती. कुणी पेला फायलीमागे सरकवला, कुणी धोतराचा सोगा सारखा करत बसला. सभापती छताकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि आवाज वडिलांचा आला. म्हातारबुवांनी आपला पेला पुढे केला, मी दोन बोटं बुडवली, थेंब खाली सोडले आणि हाक घातली.

“हे बा राखणदारा महाराजा, ही तुझी लेकरं आज तुझ्या जागेवर बसलीत.”

“व्हय महाराजा.”

त्यांच्या पोटात जाईल ते पचू दे, म्हटलं. व्हय महाराजा. घरी जाताना वाटेत कुणाला इजा होऊ देऊ नको, पोलिसाची गाठ पडू देऊ नको. व्हय महाराजा. आणि बायकांच्या नाकाला वास जाऊ देऊ नको. इथे सगळे जरा खुलले, आवाज मोठा झाला, व्हय महाराजा. गाऱ्हाण्याला एक लय असते, एकदा तिच्यात माणूस सापडला की ‘व्हय’ आपोआप तोंडातून पडतं. त्या लयीतच, न थांबता, मी पुढचं म्हटलं.

“यांनी आज तुझ्यासमोर पऱ्यावरचा साकव आमच्या वाडीला दिलाय. पावसाच्या आधी तो उभा करून घे, आणि जो कोण आडवा येईल त्याला तू बघून घे.”

“व्हय महाराजा!”

सगळ्यांनी म्हटलं. सभापतींचा आवाज तर सगळ्यांत वर होता. आणि मग आपण कशाला व्हय म्हटलं ते एकेकाच्या ध्यानात यायला लागलं, ती तोंडं मी अजूनही मनातून काढून चवीने बघते. नवे बीडीओ तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळले. सभापती पेल्याकडे बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा लाल झाला.

ते म्हणाले, “वहिनी, हे बरं नाही केलंत.”

मी म्हटलं, “मी काय केलं? व्हय तुम्ही म्हणालात.”

कुणीतरी पुटपुटलं की बाईने घातलेलं गाऱ्हाणं लागू होत नाही. त्यावर म्हातारबुवा उठले. घसा बसलेला, बोलता येईना. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, मग जमिनीवरच्या ओल्या थेंबांना बोट लावून ते कपाळाला लावलं, आणि पेला उचलून पहिला घोट घेतला. झालं. आता बाकीच्यांना दोनच वाटा. एक तर घोट घ्यायचा, म्हणजे शब्द पक्का. नाहीतर भरलेला पेला तसाच ठेवून उठायचं. हे दुसरं त्या खोलीत कधी कुणी केलं नव्हतं. एकेक करून सगळ्यांनी घेतला. सभापतींनी शेवटी. मी नमस्कार करून बाहेर आले आणि एसटीत बसल्यावर एकटीच इतकी हसले की कंडक्टरने विचारलं, बरं आहे ना?

आता कुणी म्हणेल, देवाच्या नावाने फसवलंस. मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही. चारचौघांत शुद्धीत मागत होते तेव्हा दिलं असतं तर ही वेळ आली नसती.

सभापतींनी आठवडाभराने हात-पाय हलवून बघितले म्हणे. साकव तिकडेच वळवायचा म्हणून मेव्हण्याच्या गावाला जायला जीपमध्ये बसले आणि अर्ध्या वाटेवर टायर फुटला. आमच्याकडचे कातळावरचे रस्ते, टायर न फुटला तर नवल. पण ते तिथूनच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आमच्या पऱ्यावर टेप घेऊन हजर. ह्यांनी त्याला घरी आणून पन्हं पाजलं आणि मला म्हणाले, माणसं चांगली आहेत हे मी आधीच सांगितलं होतं. मी ह्यांना ते बोलू दिलं. मी खुशीत होते.

साकव मृगाच्या आधी झाला. ओबडधोबडच होता, एका बाजूला प्लॅस्टरही राहून गेलं, पण कठडे माझ्या पोरीच्या खांद्याच्या उंचीचे. मी कंत्राटदाराला तिथे उभी राहून तेवढे करायला लावले होते.

शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पऱ्या भरून आला. लाल पाणी, कानठळ्या बसवणारा आवाज. मी पोरीला घेऊन निघाले. इरलं तिच्या डोक्यावर, दप्तर इरल्याच्या आत, आणि तिच्या मुठीत माझं बोट. साकवाच्या तोंडाशी ती थांबली. बोट इतकं आवळलं की मला दुखलं. मी बोट तसंच राहू दिलं. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. मग तिने दुसरा हात कठड्यावर ठेवला. एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं. डोळे उघडे होते. मधोमध पोचलो तशी ती उभी राहिली, खाली पाण्याकडे बघितलं, चांगलं बघितलं, आणि माझं बोट सोडलं.

“आये,” ती म्हणाली, “तू जा आता घरी.”

आणि एकटीच पुढे गेली.