कोवळ्या उसाला आग

राहुरी तालुक्यातली ती दुपार निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. ठाण्याचा प्रभार नुकताच माझ्याकडे आला होता. खुर्चीवर मी नवा, हवालदार जुने. सगळे माझं पाणी जोखत होते.

एक तरुण शेतकरी रडतच आत आला. "साहेब, चुलती सकाळी कालव्याकडं गवताला गेल्ती, आजून आली न्हाई. आई-बाप गेल्यावर तिनंच वाढवलं मला."

मिसिंगची नोंद झाली, तरी गडी उठेना. ज्याचं माणूस हरवतं तो शोधायला धावतो. हा मात्र घड्याळाकडे बघत बसला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याची शेजारीण बोलत होती. "साहेब, चुलती हरवली म्हनून तुमच्याकडं आलाय न्हवं, त्याच्या उसाला आग लावाय मजूर आलेत. ऊस तर लई कोवळा हाय. मला काय बरं वाटंना."

मी शेतकऱ्याचाच पोरगा. तोडणी सोपी जावी म्हणून पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवतात, पण ऊस पक्व झाल्यावर, कारखान्याची तोड, म्हणजे तोडणीची पाळी, आल्यावर. कोवळा ऊस कोण जाळतो?

"ऊस का पेटवतोस?"

"तोड आलीय, साहेब."

कारखान्याच्या शेतकी विभागाला फोन लावला. तोड आलेलीच नव्हती. तसं त्याचं रडणं एकदम थांबलं.

"चुलती उसाच्या फडात आहे का?"

त्याने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. हवालदार माझ्या कानाशी लागले, "साहेब, नवीन हाय तुमी. वरून इचारून घ्या, उगं अंगाशी यील." वरिष्ठ बैठकीत होते, फोन उचलत नव्हते. मी शेजारणीला परत फोन लावून सांगितलं, "मजुरांना थांबवा, पोलिसांचा हुकूम आहे म्हणा." गड्याला ठाण्यातच बसवलं आणि जीप काढली.

पोचलो तेव्हा एक कोपरा पेटलाच होता. मजुरांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनीच कोयत्यांनी आगीपुढचा ऊस आडवा करून पट्टा पाडला. आम्ही आत घुसलो.

म्हातारी सरीत पडली होती. हातपाय बांधलेले, तोंडात बोळा, डोक्यावर पोतं. जिवंत! मी पोतं ओढून काढलं, दोऱ्या सोडल्या.

संध्याकाळी पुतण्याने कबुली दिली. चुलतीच्या वाट्याच्या जमिनीसाठी केलं. "गवत काढताना जळाली आसं वाटलं आसतं. आन् मी तर तुमच्याच म्होरं बसल्तो." साक्षीदार म्हणून त्याने आम्हा पोलिसांनाच निवडलं होतं.

नवे अधिकारी विचारतात, निर्णय चुकला तर? मी म्हणतो, माझा चुकला असता तर बोलणी खाल्ली असती, फार तर बदली झाली असती. हुकमाची वाट बघत बसलो असतो, तर एक बाई जिवंत जळाली असती.

पण खरी परीक्षा फडातच झाली. मागून पोतं पडल्यामुळे म्हातारीने कोणाला पाहिलं नव्हतं. बोळा काढताच म्हणाली, "माझा पुतन्या कुठाय? घाबरलं आसंल लेकरू. त्याला आदी सांगा, मी सापडले म्हनून."

हवालदारांनी माना खाली घातल्या. सांगणं माझ्याकडेच आलं होतं. मी सरीत तिच्याशेजारी बसलो, तिचा हात धरला आणि सांगितलं.