सहा वाजताचा बंद कॅमेरा

तुम्हाला सांगतो, शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसानं भर पालकसभेत स्वतःची अशी शोभा करून घेतलेली तुम्ही कुठं पाहिली नसेल!

निपाणीत माझ्या नातीच्या शाळेत दहावीचा गणिताचा जादा तास संध्याकाळी सहाला ऑनलाइन असतो. तो चालू ठेवायचा का, हे विचारायला मुख्याध्यापिकाबाईंनी विद्यार्थ्यांसाठी घरोघरी फोनवर फॉर्म पाठवले. शिक्षणशास्त्राचा डॉक्टर म्हणून निष्कर्ष काढायचं काम माझ्याकडे. आता मी दूधवाल्याला फोन करायचा तरी आधी वाक्य कागदावर लिहिणारा माणूस! फॉर्म चार वेळा तपासले. मुलगे म्हणत होते, हवा. मुली म्हणत होत्या, नको.

सभेत निष्कर्षाचा कागद घेऊन उभा राहिलो. नात श्रावणी समोरच बसलेली.

"मुलींना ऑनलाइन तासाची आवड नाही," मी वाचलं. "मुलींसाठी तो बंद करावा."

श्रावणीच्या वर्गातली, कोगनोळी गावाहून बसनं येणारी पद्मजा ताडकन उठली. "सर, माझा फॉर्म दादानं भरलाय. फोन त्येचा हाय न्हवं! जादा तासाला शाळेत थांबलं की बस चुकतीया. ह्यो बी बंद केला तर गणित शिकायचं कुठं?"

"माझा आप्पांनी भरलाय!" मागून दुसरी.

"व्हय, भरला," तिचे वडील उठले. "सांजच्याला फोन हिच्याकडं. गिऱ्हाईकानं फोन लावायचा कुणाला?"

म्हणजे माझा निष्कर्षच चुकला! पण आतला डॉक्टर नको तेव्हा जागा झाला. "अहो, मत मुलीचं आणि बोट तुमचं? लाज नाही वाटत?"

श्रावणी हळूच उठली.

"आज्जा, माझा तुम्हीच भरलाय."

भरला होता! सहाच्या बातम्या मी त्याच फोनवर ऐकायचो ना, हा तास सुरू होण्याआधी.

"अगं, पण... तू रोज कॅमेरा बंद करून बसतेस. मला वाटलं, तुला कंटाळा येतो."

"कंटाळा न्हाय ओ. तुम्ही मागनं बनियनवर येरझाऱ्या घालताय, म्हणून बंद!"

छप्पर उडेल असं हसले लोक. बाईंनी मुलींना हात वर करायला सांगितलं. एकही हात खाली राहिला नाही. तास वाचला.

दुसऱ्या दिवशी सहाला मी सभेतलाच कोट चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून नातीच्या मागं भिंतीकडेला बसलो. श्रावणीनं कॅमेरा सुरू केला. फोनमधून पद्मजाचा आवाज आला,

"श्रावणी, आज सभा तुमच्या घरातच हाय काय गं?"