गाठ माझ्याशी आहे

रोज सकाळी लाँड्रीत आल्यावर ती चप्पल काढायच्याही आधी दाराजवळच्या गाठोड्याची गाठ एका बोटाने ओढून बघायची. एका ओढीत सुटली, की पुन्हा बांधून मुकाट्याने आत जायची. नाही सुटली, की तिथूनच विचारायची, "ही निरगाठ कुणाची?" मशिनच्या घरघरीतूनही तो प्रश्न शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा. धुतलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल मोठ्या कापडात बांधून हॉटेलांत आणि दवाखान्यांत जायचे, आणि ते कापड सुरगाठीनेच बांधायचं, हा तिचा नियम होता. वाटेत सुटता कामा नये आणि पोचल्यावर सोडणाऱ्याची नखं तुटता कामा नयेत. नव्या माणसाला ती एकदा करून दाखवायची, दुसऱ्यांदा हात धरून करून घ्यायची आणि तिसऱ्या खेपेला म्हणायची, "आता चुकलं तर गाठ माझ्याशी आहे."

त्यावरून तिच्या पाठीमागे सगळे तिला गाठमावशी म्हणत. आपल्या कानावर ते आलंच नाही, असं ती दाखवायची. खरं तर तिला ते नाव आवडायचं.

गळ्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते प्रेसवाल्याचं. कापडावरची चुणी शोधण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं. ती मान वर करून ग्लास रिकामा करत होती, तेव्हा तो म्हणाला, मावशी, पाण्याबरोबर तुमच्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय. तिने त्याला तू तुझ्या इस्त्रीकडे बघ म्हणून सुनावलं. घरी गेल्यावर मात्र ती आरशासमोर उभी राहून पाणी प्यायली. मग आणखी एक ग्लास प्यायली. सुपारीएवढा एक उंचवटा खरंच वर गेला आणि खाली आला, जणू तोही तिच्याबरोबर पाणी पीत होता.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं. डॉक्टर भला माणूस होता, पण बोलला तो सगळा तिच्या नवऱ्याशी. थायरॉइडमध्ये गाठ आहे. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण हिची कड जरा वेडीवाकडी दिसते, म्हणून सुई घालून थोडा नमुना काढू, बायोप्सी करू. तारीख फोनवर कळवतील, यांना जपा. यांना, म्हणजे तिला. ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती. गळा माझा आणि निरोप यांच्याकडे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती मांडीवरच्या रिपोर्टांची चळत सरळ करत राहिली. फोन नंबरही नवऱ्याचाच लिहून घेतला गेला. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त राग त्या आपल्याच गप्प बसण्याचा येत राहिला.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. नवीन चष्मा लावून जमीन हलतेय म्हणणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं "होईल सवय" म्हणत आल्यामुळे त्याचा आवाजच तसा मऊ झाला होता. आता तो घरातही त्याच आवाजात बोलायला लागला. 'गाठ' हा शब्द त्याने टाकूनच दिला. "ते" म्हणायचा. त्याचं काय, ते कसंय, ते दुखतं का. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी रोज फोन करायची आणि तीही "ते"च म्हणायची. फोन बाबांकडे दे म्हणायची, मग बाबा फोन घेऊन गॅलरीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. आत बसून तिला फक्त त्यांची पाठ दिसायची. ती ताटं जोरात आपटायची, तरी पाठ वळायची नाही.

लाँड्रीतही तीच तऱ्हा. प्रेसवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं, त्यामुळे बातमी दुपारच्या आतच सगळीकडे झाली. त्या दिवसापासून गाठमावशीची नुसती मावशी झाली. मावशी बसा, मावशी मी उचलते, मावशी तुम्ही कशाला. तिच्या ओरडण्यावर तोंड वाकडं करणारी घडीवाली आता तिच्याकडे अशी बघायची, जशी माणसं हार घातलेल्या फोटोकडे बघतात. तिचा संताप व्हायचा. आजारी पडण्याआधीच हे लोक आपल्याला शेवटचं भेटून चालल्यासारखे वागतात, असं तिला वाटायचं.

वाट बघण्यात दिवस जात होते. दवाखान्याचा फोन काही येईना. रोज घरात पाऊल टाकताच ती विचारायची, आला का. नवरा म्हणायचा, नाही गं, येईल. मग जेवताना ती दवाखान्याची सालटी काढायची. यांच्या चादरी एक दिवस उशिरा गेल्या तर आभाळ कोसळतं, आणि इथे माणूस गळ्यात काय घेऊन बसलाय त्याची फिकीर नाही. गळ्याशी यायला अजून काय राहिलंय, प्रत्यक्ष गळ्यातच आलंय. नवरा खाली मान घालून घास मोडत राहायचा. तो शांत आहे, याचाही तिला राग यायचा.

मग एक दिवस एक गाठोडं सुटलं.

लाँड्रीत दिवसभर एक हाळी चालायची. घडीवाली घड्या रचून कापडाची चार टोकं वर घ्यायची आणि ओरडायची, "गाठ?" टेबलापलीकडचा गाडीवाला टोकं बांधून ओरडायचा, "मारली!" मगच गाठोडं हलायचं. मावशीच्या कानावर तो शब्द पडू नये म्हणून दोघांनी आपापल्या मनाने ही हाळी बंद केली होती. आधी खुणांनी भागलं. त्या दिवशी मात्र घडीवालीला वाटलं त्याने बांधली, त्याला वाटलं हिने बांधली. टोकं नुसती एकमेकांत खोचलेली होती. गाडीवाल्याने गाठोडं खांद्यावर टाकलं, आणि मागच्या पायऱ्यांवर, जिथे मळक्या कपड्यांचं पाणी साचतं तिथे, दवाखान्याच्या पांढऱ्याशुभ्र चादरी एकामागून एक उलगडत गेल्या.

सगळे खांबासारखे उभे. कुणी बांधायची होती, असं तिने विचारलं. घडीवाली चाचरत म्हणाली, की मावशी, आम्ही ते म्हणत नाही ना हल्ली.

"ते म्हणजे काय?"

घडीवालीने पदराचं टोक तोंडात धरलं. गाडीवाला त्या चादरींकडे बघत राहिला. शेवटी प्रेसवालाच पुढे झाला आणि म्हणाला, "गाठ. गाठ म्हणत नाही, मावशी. तुम्हाला लागेल म्हणून."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला लागेल? आणि या चादरींना लागलं त्याचं काय? गळा माझा आहे, मी रोज त्याच्यावरून हात फिरवते, मला ठाऊक आहे तिथे काय आहे. तुम्ही नाव घेतलं नाही म्हणून ती जाणार आहे का? उद्यापासून हाळी ऐकू आली नाही, तर..." ती थांबली. तिच्या त्या प्रसिद्ध वाक्यापाशी सगळ्यांनी श्वास रोखला. "तर गाठ माझ्याशी आहे," ती म्हणाली.

प्रेसवाला म्हणाला, "आहेच की. डॉक्टरपण तेच म्हणाला ना."

क्षणभर कुणाला हसावं की पळावं कळेना. मग ती हसली, फस्सकन, आणि हसताना गळ्यातली गाठ वरखाली झाली, ती सगळ्यांनी पाहिली. पण राग काही उतरला नव्हता. चादरी पुन्हा मशिनमध्ये टाकून होताच त्याच तावात तिने ऑफिसातल्या फोनवरून दवाखान्याला फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला तोंड उघडू न देता चांगलं फैलावर घेतलं. ती मुलगी ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, की तुमची तारीख तर मागच्याच आठवड्यात होती. तुमच्या घरून सांगितलं, पेशंटच्या मनाची तयारी नाही, एवढ्यात नको.

कुणी तोंडात मारावी तसं तिला झालं. मग तिने त्या मुलीची माफी मागितली, आपला स्वतःचा नंबर दिला आणि मिळेल ती पहिली तारीख घेतली.

घरी नवरा चष्म्याची काच पुसत बसला होता. तिने चप्पलही काढली नाही. "तारीख येऊन गेली," ती म्हणाली.

त्याने नाकारलं नाही. काच पुसत राहिला.

"रोज मी त्या दवाखान्याला शिव्या घालत होते. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

"मला वाटलं, जरा तुझ्या मनाची तयारी होऊ दे."

"माझं मन तुम्हाला कुठे भेटलं? गॅलरीत?"

त्याने पुसायचं कापड खाली ठेवलं. मग चष्मा न लावताच तिच्या दिशेने बघत म्हणाला, की तुझी नव्हे, माझी तयारी नव्हती. फोन आला तेव्हा तुझं नाव पुढे केलं. तपासणी होत नाही तोवर काही झालेलं नाही, असं वाटत होतं.

"मग तसं सांगायचं," ती म्हणाली. "रडायचं होतं तर रडायचं. माझ्या गळ्याच्या नावावर कशाला? तुम्हाला सवय होईपर्यंत ही मी वाढवत बसू?" आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "ही माझी गाठ आहे. म्हणा."

"अगं..."

"म्हणा."

"गाठ," तो म्हणाला. शब्द असा निघाला, जसा घट्ट बसलेल्या झाकणातून वाफेचा पहिला फुसकारा निघतो. मग पुन्हा म्हणाला, "तुझी गाठ." तिने चप्पल काढली आणि चहा टाकायला गेली. त्या रात्री ती त्याच्याशी फारसं बोलली नाही. पण मुलीचा फोन आला तेव्हा तो गॅलरीत गेला नाही. तिथेच बसून म्हणाला, आईची गाठ आहे, आईलाच विचार.

तारखेच्या दिवशी नवरा बाहेरच्या बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला. आत नवी डॉक्टरीण होती. खांद्यांखाली उशी घेऊन मान मागे टाका, सुई आत असताना गिळायचं नाही, बोलायचं नाही, असं तिने सांगितलं. थोडंसं टोचेल, एवढंच. मग रिपोर्ट आल्यावर कुणाशी बोलू, बाहेर बसलेत त्यांच्याशी का, म्हणून विचारलं.

"माझ्याशी," ती म्हणाली. "सुरगाठ असो की निरगाठ, आधी मला सांगायचं. त्यांना मी सांगेन."

डॉक्टरणीला तो शब्द कळला नसावा, पण तिने मान डोलावली. दिवा जवळ ओढला गेला. गळ्यावर काहीतरी गार लागलं. खांद्याला शिवण टोचली तशी ती कोपरावर उठली, खांद्याखालची उशी ओढून काढली आणि उजेडात धरली. कोपऱ्यावर त्यांच्याच लाँड्रीची खूण होती.

"एक मिनिट हं," ती म्हणाली, "हा अभ्रा उलटा घातलाय."