काळं कापड न ठेवणारं दुकान

दुबईत कापडाचा घाऊक धंदा काढायचा आणि दुकानात काळं कापड ठेवायचं नाही! हे शहाणपण फक्त आमच्याच घराण्याला सुचू शकतं. इथल्या बाया घराबाहेर पाऊल टाकताना डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात, आणि आमच्या दुकानात गुलाबी फुलं, पिवळी फुलं, हिरव्या वेली, फार तर पांढरं मलमल. काळ्याचं बोटभर चिरगूट सापडेल तर शपथ.

हा नियम थोरल्या दिरांचा, म्हणजे भाईंचा. ते रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावी बसायचे, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून माल धाडायचे आणि आमचे हे इथे देऱ्याच्या बाजारात तो विकायचे. आजोबांचं एक गलबत म्हणे बुडालं होतं आणि त्यात काळ्या कापडाचे तागे होते. झालं! तेव्हापासून आमच्याकडे बोहणीला काळं नको, दुकानात काळं नको. मी नवी नवरी असताना सासूला विचारलं होतं, "त्याच गलबतात सुक्या मिरच्या पण होत्या म्हणता, मग मिरच्या कशा खातो आपण?" सासूने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बरेच दिवस मी तिच्यासमोर तोंड उघडलं नाही. पण उत्तर तिच्याकडेही नव्हतं, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

ही गोष्ट साठनंतरच्या वर्षांतली. अमिरात हे नावही तेव्हा नव्हतं. माझी नात आता डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तिच्या फ्लॅटमध्ये एसी लावून बसते आणि मी जुनं काही सांगायला लागले की "रियली, नानी?" म्हणते. रियली नाहीतर काय! पाणी गाढवावरून यायचं. आमचं घर दुकानाच्या मागे, मातीच्या दोन खोल्या आणि पुढे उघडं अंगण. पण बाजार? बाजार दिवसागणिक वाढत होता. खाडीतला गाळ काढलेला, त्यामुळे भरलेली लाँच थेट धक्क्याला लागायची. आज तांदळाचं गोदाम, उद्या साखरेचं, परवा त्याच्या शेजारी चहाचं. इराणकडचे लोक यायचे, मस्कतकडचे यायचे, वाळवंटातले उंट घेऊन यायचे, आणि जो तो पोत्याने, पेटीने, गासडीने माल न्यायचा. किरकोळ घेणाऱ्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. सगळ्यांची भरभराट चाललेली आणि आमचे हे दुकानात माशा मारत बसलेले.

फुलाफुलांचं कापड खपत नव्हतं असं नाही. इथल्या बाया काळ्याच्या आत तेच घालायच्या, आणि काय हौस त्यांना! पण घाऊक घेणारा व्यापारी एकाच दुकानातून सगळं उचलतो. तो आधी काळं मागायचा. नाही म्हटलं की "यल्ला" म्हणून शेजारच्या दुकानात, आणि फुलांचंही तिथूनच घ्यायचा. मी ह्यांना म्हटलं, "भाईंना कळवा ना." तर हे म्हणाले, "भाईंना काय वाटेल?" भाईंचं तिथे बसून इथलं दुकान हाकणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि उंट मात्र सगळे आमच्या दारात!

तेवढ्यात आगबोटीने गावचा एक माणूस आला आणि निरोप देऊन गेला. ईद झाली की भाई येतायत. दुकान बंद करायचं. ह्यांना अबुधाबीला तेलकंपनीत नोकरी बघितली आहे, आणि वहिनींना, म्हणजे मला, भाई परत गावी नेतील.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. अबुधाबीला तेव्हा काय होतं? तंबू, पत्र्याच्या खोल्या आणि नुसते पुरुष. बायकांना तिथे जागा नव्हती. आणि गावी? गावी मी लग्नानंतरची कितीतरी वर्षं काढली होती, सासूच्या हाताखाली, नवरा कधीतरी बोटीने येणार म्हणून. आले की थोडे दिवस राहायचे, पोराला ते अनोळखी वाटायचे, आणि ते जरा रुळतायत तोवर पेटी बांधायची वेळ. आमच्या आळीत निम्म्या बायका तशाच होत्या. त्यात काही नवल नाही असं सगळ्या म्हणायच्या. मला मात्र नवल वाटायचं आणि रागही यायचा. महत्प्रयासाने मी पोराला घेऊन इथे आले होते. रोज संध्याकाळी नवरा समोर बसून चहा पितो, ही गोष्ट मला सोडायची नव्हती. कुणासाठीही नाही, कुठल्या बुडालेल्या गलबतासाठी तर मुळीच नाही.

आमच्या दारावरून एक म्हातारी अरब बाई रोज जायची. डोक्यावर कापडाचं गाठोडं. बाजारात पुरुषांसमोर बसून कापड निवडणं घरंदाज बायकांना जमायचं नाही, म्हणून अशा बाया घरोघर कापड नेऊन विकत. त्यांना दलाला म्हणायचे. ही पाणी प्यायला टेकायची. बाजारातलं हिंदी तिला फर्डं यायचं. एकदा तिने विचारलं, "तुमच्याकडे काळं का नाही?" मी गलबताची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की पाणी नाकात गेलं. मग डोळे पुसत म्हणाली, "हबीबती, काळं आण. मी घेईन. माझ्यासारख्या अजून आहेत."

ज्याचं जळतं त्याला कळतं. मी ह्यांना सांगितलं की मुंबईला माझा भाऊ कापडबाजारात आहे, त्याच्याकडून मी काळं मागवते. हे गप्प बसले. ह्यांचं गप्प बसणं म्हणजे हो की नाही, हे इतक्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं. त्या वेळी मी ते हो धरलं. ओळखीच्या लाँचच्या तांडेलाबरोबर भावाला निरोप धाडला की काळं कापड पाठव, चांगलं टिकाऊ बघून.

आली गासडी! दलालाला हाक मारली, तिच्यासमोर सोडली, आणि ती कापड हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिने ते डोक्यावरून तोंडावर ओढलं आणि अंगणात दोन पावलं टाकून भिंतीवर आपटली. "खलास! मी आंधळी झाले!" आतून ओरडली.

भावाने छत्रीचं कापड पाठवलं होतं. आता त्याला तरी काय बोलणार? आमच्या रत्नागिरीकडच्या माणसाला टिकाऊ काळं कापड म्हटलं की छत्रीच आठवणार. चार महिने धो धो पावसात जन्म गेलेला! पण इथे पाऊस कुठला, आणि अख्खी गासडी छत्र्यांची! मी तिथेच फतकल मारून बसले. हे दारात उभे राहून बघत होते. वाटलं, आता म्हणतील, बघ, भाई म्हणतात ते उगीच नाही. पण हे आत आले, हातोडी आणि खिळे घेऊन आले, आणि म्हणाले, "अंगणावर ताणू या. ऊन तरी लागणार नाही तुला."

ताणलं. सबंध अंगण गार झालं. दलालाच सगळ्यात आधी पाय पसरून बसली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या, मग शारजाहून येणारी एक, मग कुणाकुणाच्या नणंदा. भर बाजारात बायकांना बसायला सावलीची जागा, आणि तीही पुरुषांच्या नजरेआड, अशी दुसरी कुठे नव्हती. मी सुलेमानी चहा ठेवायची, हे पुढच्या दुकानातून फुलांचे तागे आत सरकवायचे, आणि त्या बसल्या बसल्या निवडायच्या. वर्षभर न हललेला माल हलायला लागला.

काळ्याची पारख मला त्या अंगणातच कळली. तोंडावर घ्यायचं काळं वायल असं हवं की आतून बाहेरचं सगळं दिसलं पाहिजे आणि बाहेरून आतलं काही दिसता कामा नये. ते बोटांनी चाचपून कळत नाही. एकीने तोंडावर घ्यायचं, उन्हात उभं राहायचं, दुसरीने समोरून बघायचं. एक म्हणणार, "तुझ्या नाकातली चमकी दिसते, हे नको." दुसरी म्हणणार, "मला उंबरा दिसत नाही, हे पण नको." बाजारातला कितीही मोठा शेठ असो, त्याला हे जमणार होतं का? दाढीवर वायल घेऊन उन्हात उभा राहिला असता? दलालाने आपल्या अंगावरच्या जुन्या कापडाचा कोपरा कातरून दिला. तो मी भावाला धाडला आणि निरोप दिला, याहून धागाभर जाड नको, धागाभर पातळ नको, आणि छत्रीवाल्याच्या दुकानात तर जाऊच नको.

या खेपेला माल आला तो नेमका. ओल्या काजळासारखा काळा आणि फुंकर मारली तर उडेल असा. तोंडावर घेऊन मी अंगणात उभी राहिले तर दलाला म्हणाली, "आता तू आमच्यातली." मला इतका आनंद झाला की तिला मिठीच मारली. नंतर अबुधाबीच्या तेलाचा पैसा बाजारात खेळायला लागला तेव्हा आमच्या गासड्या लॉऱ्यांतून तिकडे गेल्या, अल ऐनपर्यंत गेल्या. पारख मात्र अंगणातच व्हायची. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण ते सगळं पुढचं. त्या वेळी दुसरी गासडी सुटते न सुटते तोच ईद झाली आणि बोट लागली.

थोरले दीर आले. डोक्यावर काळी टोपी, हातात काळी छत्री. ती चालते! पुढच्या दुकानात एकही गिऱ्हाईक नाही हे बघून मान डोलावली, जसं काही त्यांना ठाऊकच होतं. ह्यांना म्हणाले, "चल, आत किती माल पडलाय बघू."

"आत जाता येणार नाही, भाई. आत बायका आहेत."

"कुणाच्या?"

"गिऱ्हाइकं आहेत."

बिचारे बाकावर बसले. मी पडद्याआड उभी. आतून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. इतक्यात बाजूच्या बोळातून हमाल काळे तागे खांद्यावर घेऊन निघाला, त्याच्यामागून दुसरा. भाई ताडकन उठले. "हे काळं कुठून आलं? आपल्या दुकानात?"

हे गप्प. नेहमीसारखे.

"तरीच!" भाई म्हणाले. "मी ठरवून आलोय ते बरोबरच आहे. दुकानाला कुलूप घाल, नोकरीवर रुजू हो. सूनबाईंना मी परतीच्या बोटीने घेऊन जातो."

आमच्यात धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. अगदीच बोलायचं झालं तर भिंतीला सांगायचं, म्हणजे ते ऐकतात. मी भिंतीकडे वळले. काय काय बोलायचं होतं मला! गलबतापासून सुरुवात करणार होते. माझा आवाज त्या दिवशी खाडीपलीकडे गेला असता. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हे बोलले.

"भाई, दुकान तुमचं आहे. बंद करायचं तर करा. मी नोकरी करीन, धक्क्यावर हमाली करीन. पण हिला नेऊ नका."

भाई परत बाकावर टेकले.

"हिच्याशिवाय मी इथे कशी वर्षं काढली, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मला ती परत नकोत."

या माणसाला भावासमोर एका वेळी इतकं बोलताना त्याआधी मी कधी ऐकलं नव्हतं. ती वर्षं एकटीने मीच काढली असं मला वाटायचं. ह्यांना काय, बाजार आहे, मित्र आहेत, पत्त्यांचा डाव आहे, असं मी गावी रात्रंदिवस घोकत होते. भिंतीला हात टेकून मी तशीच उभी राहिले.

भाईंनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली. दुपारच्या नमाजाची बांग झाली, अंगणातल्या बाया गाठोडी उचलून निघाल्या. भाईंनी मान खाली घालून त्यांना वाट दिली. मग ह्यांना विचारलं, "जेवायला काय आहे?"

आमच्या घराण्यात भांडण मिटलं हे कळवायची दुसरी रीत नाही.

मी आत पळाले. चुलीपाशी बसून मनसोक्त रडले. मग पदराने तोंड पुसलं आणि पानं घेतली. सुरमईचं कालवण होतं. घरातला थोरला पानावर बसलेला असताना मधला मोठा तुकडा त्याच्या ताटात जातो, हे आमच्याकडच्या पोरीला शिकवावं लागत नाही. मी तो तुकडा उचलला आणि भाईंच्या डोळ्यांदेखत ह्यांच्या ताटात वाढला.