विहीणबाईंनी आणलेली बस
ओल्या लोकरीच्या कोटाचा वास आला की मला न्यू जर्सीतला आमच्या टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, हॉल आठवतो आणि अजून जळफळाट होतो. दोन हजार चारचा हिवाळा होता. राज्याने म्हाताऱ्यांची बस टाउनशिपच्या हाती सोपवली आणि टाउनशिपने ती बंद करून टाकली. मला गाडी येत नाही, रस्त्याला फुटपाथ नाही, म्हणजे मी घरात कोंडलेली. "आम्ही काय बर्फातून चालत जायचं, की घरात बसून मरायचं?" असं मी रोज चहाच्या वेळी बडबडायचे. सुनेची आई, आमच्या विहीणबाई, तेव्हा पुण्याहून आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. त्या पदवीधर. टाउनशिपच्या मीटिंगमध्ये कोणीही उठून बोलू शकतं, म्हणून आम्ही सगळे गेलो. विहीणबाई माइकवर इंग्रजीत बोलल्या आणि नात माझ्या कानात अर्थ सांगत होती. वाक्य माझंच होतं, बर्फासकट. मेयर म्हणाला, बघतो. विहीणबाई थँक्यू म्हणून वळल्या. मी पहिल्याच रांगेत होते, त्यांचा पदर ओढला. "थँक्यू काय? कधी ते विचारा!" त्यांनी विचारलं, आणि मेयरला सगळ्यांसमोर सांगावं लागलं, पुढच्या महिन्यापासून. टाळ्या विहीणबाईंना. नात मलाच म्हणते, "आजी, पुण्याची आजी वॉज ऑसम!" बस सुरू झाली. मी तिच्यातून भरपूर फिरले, पण विहीणबाईंच्या शेजारी कधी बसले नाही. आता त्या पुण्याहून फोनवर म्हणतात, "आपण दोघींनी बस आणली हो." हे त्या दिवशी माइकवर सांगायला काय झालं होतं?