दीडफुट्या शब्दाची पाटी

माझे बाबा पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडे दीड फुटाची लाकडी पट्टी होती. एखादा शब्द तिच्याबाहेर गेला की ते वैतागायचे, "आला बघ दीडफुट्या!" असला शब्द वाचणाऱ्यासाठी नसतोच, लिहिणाऱ्याच्या मिशीला पीळ द्यायला असतो, असं त्यांचं म्हणणं. घोळवून घोळवून बोलणारा आमचा मामाही घरात दीडफुट्याच होता.

पाटी खडूने आखली की ते आधी आईला वाचायला लावायचे. आई दुसरी शिकलेली. ती अडखळली की पाटी पुसायची, शब्द बदलायचा. हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

दवाखान्याच्या साहेबाने कागद दिला: 'आपत्कालीनवैद्यकीयोपचारकक्ष'. बाबा म्हणाले, "साहेब, 'तातडीचे उपचार' लिहू या. माणसं घाबरलेली असतात."

"तुम्ही रंग लावा. इथे अक्कल पाजळू नका."

आणि घरात आमच्यावर डाफरणारे माझे बाबा तिथे मूग गिळून बसले! दारावरची पाटी पुरेना म्हणून अक्षरं चेपून बसवली. आईला दाखवलंही नाही. बाबा असले म्हणून काय झालं, मला त्यांचा अजून राग येतो.

दोन वर्षांनी दुपारी जेवता जेवता बाबांचं तोंड वाकडं झालं, वाचा बसली. आईने एकटीने त्यांना त्याच दवाखान्यात नेलं. त्या दाराशी ती थांबली. "आ... प... त्का..." पुढे जमेना. बाबा डाव्या हाताने तिला दाराकडे ओढत होते. तिला वाटलं, तोल जातोय. तिने त्यांना शेजारच्या सर्दी-खोकल्याच्या रांगेत बसवलं. पाऊण तास!

"लवकर आणायचं ना," मी धावत पोचले तेव्हा डॉक्टर आईला म्हणत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा जगले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आई मात्र म्हणत राहिली, "मीच अडाणी गं." ते ऐकवेना. अडाणी ती? दार लपवून ठेवणारे शहाणे, आणि ती अडाणी?

बाबा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे रंगाचे डबे, ब्रश आणि पट्टी घेऊन दोघांना दवाखान्यात नेलं. जुनी पाटी पांढऱ्या रंगाने बुजवली. बाबांनी डाव्या हाताने पट्टी धरली. मी खडूने आखलं, आईने एका दमात वाचलं, "तातडीचे उपचार." मग लाल रंग भरला.

साहेब ओरडत आला, "कुणाला विचारून रंगवलंस हे?"

"आईला," मी म्हटलं.